खुर्चीला हात लावायचा नाही

शिकागोत जानेवारी महिन्यात रस्त्याच्या कडेला खुर्च्या उगवतात. घडीच्या लोखंडी खुर्च्या, वेत फाटलेल्या खुर्च्या, स्वयंपाकघरातून निवृत्त झालेल्या, एका पायाने लंगड्या, अंगणातल्या पांढऱ्या प्लास्टिकच्या. त्यांच्यावर कुणी बसलेलं नसतं. उणे पंधरा अंशांत बसणार कोण? दोन मोटारींच्या मध्ये, फावड्याने नीट कापून काढलेल्या बर्फाच्या चौकोनात ती खुर्ची एकटी उभी असते. पाऊण तास पार्किंग शोधत हिंडणारा सहा फुटी गडी तिच्यापाशी येतो, गाडी हळू करतो, तिच्याकडे बघतो आणि मुकाट्याने पुढे निघून जातो.

या प्रथेचं नाव ‘डिब्ज’. तुम्ही कंबरडं मोडेपर्यंत खपून गाडीभोवतीचा बर्फ उपसलात, की गाडी घेऊन कामावर गेलात तरी ती जागा तुमचीच. तुम्ही परत येईपर्यंत राखण खुर्ची करणार. एसटी फलाटाला लागायच्या आत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्या मराठी माणसाला यात समजावून सांगण्यासारखं काही नाही. पण एसटीत दुसऱ्याचा रुमाल उचलून खुशाल बसणारा एखादा महाभाग निघतोच. शिकागोत असा महाभाग निघाला, तर रात्रीत कुणीतरी त्याच्या गाडीवर बागेतल्या नळीने पाणी मारतं आणि सकाळी गाडी बर्फाच्या लादीत बंद झालेली सापडते. मार्चपर्यंत ती तशीच राहू शकते. पोलिसांत जाऊन काही उपयोग नाही, कारण पोलिसाच्या घरासमोरही खुर्ची असते.

कायद्याने बघायचं तर हे सगळं बेकायदा आहे. रस्ता सार्वजनिक, जागा सार्वजनिक, त्यात अडथळा ठेवायला परवानगी नाही. १९६७ च्या जानेवारीत इथे तेवीस इंच बर्फ पडला आणि तेव्हापासून ही चाल पक्की झाली असं सांगतात. महापौर रिचर्ड एम. डेली यांनी तर तिची जाहीर पाठराखण केली होती. ज्याने जागा उपसली त्याच्या जागेत घुसू नका, असा त्यांचा सल्ला. वादळ ओसरून काही दिवस गेले की पालिकेच्या गाड्या येऊन उरलेल्या खुर्च्या कचऱ्यात टाकतात. त्यासाठी आधी जाहीर सूचना निघते. सूचना निघाली की लोक चांगली खुर्ची घरात नेतात आणि तिच्या जागी वाईट खुर्ची ठेवतात.

आमच्या खालच्या मजल्यावर राहणारे घरमालक आजोबा पोलंडहून लहानपणी आले. डिब्जच्या बाबतीत आमच्या गल्लीचं सर्वोच्च न्यायालय तेच. सहा इंचांच्या आतल्या बर्फाला खुर्ची ठेवणारा माणूस त्यांच्या मते नीच. दुसऱ्याने उपसलेल्या जागेवर स्वतःची खुर्ची ठेवणारा त्याहून नीच. खुर्ची भंगारातलीच हवी, चांगली ठेवली तर तो शेजाऱ्यांवर दाखवलेला अविश्वास. इस्त्रीचं टेबल चालतं, रंगाच्या दोन बादल्यांवर आडवी फळी चालते, मेरीमातेचा पुतळा चालतो पण तो ठेवणाऱ्याने रविवारी चर्चला जाणं अपेक्षित आहे. एकदा समोरच्या नव्या भाडेकरूने नारिंगी रंगाचे, ऑनलाइन मागवलेले, कोरे करकरीत वाहतुकीचे शंकू ठेवले. आजोबा खिडकीतून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “शिकागोचा दिसत नाही.” निकाल लागला.

या शहराबद्दल माझं मत आता बनून गेलं आहे ते असं : इथे लिहिलेला कायदा कुणी मनावर घेत नाही आणि न लिहिलेला कायदा मोडायची कुणाची छाती नाही.

बर्फाशी खेळ इथल्या राजकारण्यांनाही परवडत नाही. १९७९ च्या जानेवारीत मोठं वादळ आलं. रस्ते दिवसेंदिवस तुंबले, आणि उन्नत रेल्वेच्या गाड्या वेळ वाचवायला काही स्टेशनं गाळून धावू लागल्या. गाळलेली स्टेशनं नेमकी कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांतली होती. पुढच्याच महिन्यात पक्षांतर्गत निवडणूक होती. विद्यमान महापौर मायकेल बिलँडिक यांच्या पाठीशी अख्खी पक्षयंत्रणा उभी होती, तरी ते जेन बर्न या बाईंकडून हरले, आणि शहराला पहिली महिला महापौर मिळाली. तेव्हापासून आकाशातून पहिला कण पडायच्या आत मिठाच्या गाड्या रस्त्यावर हजर असतात. २०२३ मध्ये तर पालिकेने बर्फ सारणाऱ्या गाड्यांना नावं सुचवायची स्पर्धाच घेतली. निवडून आलेल्या नावांत एक होतं ‘मिसेस ओलिअरीज प्लाउ’. १८७१ साली या शहराला जी भीषण आग लागली, ती या ओलिअरी बाईंच्या गाईने कंदिलाला लाथ मारल्यामुळे लागली, अशी आख्यायिका. बाई आणि गाय दोघी निर्दोष आहेत असा ठराव नगरपरिषदेने केला, पण केला १९९७ मध्ये. म्हणजे सव्वाशे वर्षं उलटल्यावर. तारखांवर तारखा पडण्याचा अनुभव असलेल्या आपल्या लोकांना हे वाचून बरं वाटावं.

तर, खुर्ची. रस्त्यावरच्या खुर्चीला जे प्रेम मिळतं तेच इथे नगरपरिषदेतल्या खुर्चीलाही मिळतं. शहराचे पन्नास वॉर्ड, प्रत्येकाचा एक ऑल्डरमन, म्हणजे आपला नगरसेवक. झाडाची फांदी छाटायची, पदपथाची फरशी बसवायची, मागच्या अॅलीतला कचऱ्याचा डबा चोरीला गेला, उंदीर झाले, सगळ्याला इलाज एकच : ऑल्डरमनला फोन. एडवर्ड बर्क नावाचे गृहस्थ १९६९ ते २०२३ अशी चोपन्न वर्षं एकाच वॉर्डातून परिषदेत बसले, आणि शेवटी भ्रष्टाचाराच्या खटल्यात दोषी ठरून तुरुंगात गेले. इलिनॉय राज्याचे चार माजी गव्हर्नर तुरुंगाची हवा खाऊन आलेत. त्यांतले एक, ब्लागोयेविच, ओबामा राष्ट्राध्यक्षपदी निवडून आल्यावर सिनेटमधली त्यांची जी जागा रिकामी झाली ती विकायच्या खटपटीत सापडले. पुन्हा जागेचाच प्रश्न. त्यांना कुणीतरी सांगायला हवं होतं की शिकागोत जागा विकत नाहीत, धरतात.

विकल्या नाहीत असंही नाही म्हणा. २००८ मध्ये महापौर डेलींच्या प्रशासनाने रस्त्यावरचे सगळे पार्किंग मीटर एका खासगी कंपनीला ११५ कोटी डॉलरला पंचाहत्तर वर्षांच्या कराराने देऊन टाकले. पैसे आले आणि भराभर खर्चही झाले. करार मात्र २०८३ पर्यंत जिवंत आहे. मिरवणुकीसाठी वा रस्तादुरुस्तीसाठी मीटरची जागा अडवली, तर पालिकाच कंपनीला भरपाई देते. आमचे आजोबा मीटरमध्ये पैसे भरताना दरवेळी डेलींचं नाव घेतात. पोलिश भाषेत घेतात, त्यामुळे नक्की काय म्हणतात ते मी विचारलेलं नाही. याच डेलींनी २००३ मध्ये एका रात्री बुलडोझर पाठवून तळ्याकाठच्या छोट्या विमानतळाची धावपट्टी खोदून टाकली. पट्टीवर मोठाल्या फुल्या पाडल्या. सकाळी वैमानिक आले तर विमानं आहेत, विमानतळ नाही. केंद्रीय विमान वाहतूक खात्याने पालिकेला ३३,००० डॉलर दंड केला. पुढे तिथे बाग झाली. बाग सुरेख आहे, मीही जाऊन बसतो.

असल्या शहराचा नकाशा मात्र शिस्तीचा असावा हे आश्चर्यच. स्टेट आणि मॅडिसन हे दोन रस्ते जिथे एकमेकांना छेदतात तो शून्य. तिथून साधारण आठशे आकडे चाललात की एक मैल. हॅल्स्टेड पश्चिमेला ८००, अॅशलंड १६००, वेस्टर्न २४००. शिवाय पूर्वेला कायम तळं. तळं म्हणायचं आपलं, पलीकडचा काठ दिसत नाही. घरनंबर ऐकला की मुरलेला शिकागोकर डोळे मिटून सांगतो, अमुक इतके मैल, तमुक बस, आणि कोपऱ्यावर औषधांचं दुकान. सांगलीहून आलेल्या आमच्या काकांना ही व्यवस्था फार पसंत पडली. “मारुतीच्या देवळापासून डावीकडं, आणि तिथं कुणालाही विचारा, ही भानगडच न्हाई,” असं म्हणून ते खिशात कागद घेऊन एकटेच हिंडू लागले. नातेवाइकांकडे आलेले पाहुणे साधारण आठव्या दिवशी कंटाळतात. काका आठव्या दिवशी आम्हालाच पत्ते सांगत होते.

त्यांचा हा आत्मविश्वास उतरला तो लोअर वॅकर ड्राइव्हवर. वॅकर हा नदीकाठचा रस्ता एकावर एक असा मजल्यांनी बांधलेला आहे. वर उंच इमारती, फुलांच्या कुंड्या, बोटींत बसून वास्तुकलेचं व्याख्यान ऐकणारे पर्यटक. खाली हिरवट-पिवळे दिवे, मालाचे ट्रक, खांबांच्या रांगा. खाली शिरलं की गाडीतल्या नकाशाला उपग्रह दिसेनासा होतो. मग ती नकाशावाली बाई ठामपणे आपल्याला नदीत वळायला सांगते. काका म्हणाले, “हिला म्हणावं, तू गप. मी सांगतो.” त्यांनी सांगितलं, आणि आम्ही त्याच खांबाशी पुन्हा आलो. वर निघालो तेव्हा समोर स्टेट स्ट्रीटची पाटी होती, पण काकांनी शून्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

रस्ते मजल्यांवर चढवण्याची हौस या गावाला जुनीच. मुळात हे दलदलीत वसलेलं. सांडपाणी वाहून जायला उतार नाही, तेव्हा १८५० आणि ६० च्या दशकांत त्यांनी अख्खं शहर उचलायचं ठरवलं. इमारतींखाली शेकडो जॅक लावायचे, माणसं उभी करायची आणि शिट्टीच्या तालावर सगळ्यांनी एकदम फिरवायचे. विटांची मोठाली हॉटेलं पाहुण्यांसकट वर गेली. इतकं करून सांडपाणी गेलं कुठे? नदीत. नदी गेली तळ्यात. आणि पिण्याचं पाणी तळ्यातूनच यायचं. यावर शहाण्या माणसाने सांडपाण्याचं बघितलं असतं. शिकागोने नदी उलटी फिरवली. अठ्ठावीस मैलांचा कालवा खणून १९०० च्या जानेवारीत प्रवाहाची दिशाच बदलली, आणि घाण तळ्याऐवजी मिसिसिपीच्या वाटेने सेंट लुइसकडे निघाली. खालचं मिझूरी राज्य कोर्टात धाव घेणार हे दिसत होतं, म्हणून बांध घाईघाईने, फारसा गाजावाजा न करता फोडला. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९०६ मध्ये शिकागो जिंकलं. आता दरवर्षी सेंट पॅट्रिकच्या सणाला प्लंबरांची युनियन याच नदीत रंग टाकून ती हिरवीगार करते. १९६२ पासूनची प्रथा आहे. सेंट लुइसने यावर काय म्हणायचं?

वस्त्यांचा विषय काढला की मात्र शिकागोकर आकड्यांची शिस्त विसरतो. शिकागो विद्यापीठाच्या समाजशास्त्रज्ञांनी १९२० च्या दशकात शहराचे अधिकृत विभाग पाडले. ते आज सत्त्याहत्तर आहेत, आणि लोक त्यांतले निम्मे मानत नाहीत. प्रत्येकाची वस्ती त्याच्या मनात वेगळीच सुरू होते आणि वेगळीच संपते. वस्तीला नाव एकदा चिकटलं की चिकटलं, आत माणसं कुणीही येवोत. पिल्सेन हे नाव चेक लोकांनी आपल्या गावावरून दिलं. ते गेले, मेक्सिकन आले, अठराव्या रस्त्यावर भिंतभर चित्रं रंगली, तामालेंच्या हातगाड्या लागल्या, आणि वस्ती पिल्सेनच राहिली. अँडरसनव्हिलमध्ये पाण्याच्या टाकीवर स्वीडनचा झेंडा रंगवलेला आहे, तिच्या खाली बसून तुम्ही कोरियन जेवण जेवू शकता.

आणि डेव्हन अॅव्हेन्यू. एकेकाळी ज्यूंची बाजारपेठ असलेला हा रस्ता सत्तरच्या दशकापासून आपला झाला. अमेरिकाभर पसरलेल्या ‘पटेल ब्रदर्स’चं पहिलं दुकान १९७४ मध्ये निघालं ते इथेच. पालिकेने इथे एक नामी युक्ती केली आहे. रस्त्याचं नाव न बदलता, खांबावर तपकिरी रंगाची मानाची पाटी लावायची. पत्ते बदलत नाहीत, टपालवाल्याला त्रास नाही, खर्च एका पाटीचा आणि मतं गठ्ठ्याने. त्यामुळे एकाच डेव्हनवर एका टप्प्यात गांधी मार्ग आहे, दुसऱ्या टप्प्यात जिना मार्ग आहे, आणि गोल्डा मेयर यांचीही पाटी आहे. या तिघांना एका टेबलाशी बसवायला जगातल्या मुत्सद्द्यांना घाम फुटला असता. इथे त्यांच्यामध्ये साड्यांची दुकानं, हलाल मटणाची दुकानं आणि कुल्फीवाले आहेत. काकांनी गांधी मार्गावर भेंडी घेतली, ताजी नाही म्हणून जिना मार्गाकडे चौकशीला निघाले. हे भारतात कुणाला सांगू नकोस, असं मला बजावलंय.

वस्त्यांची ही गंमत मी सांगतो ती उत्तरेकडे बसून सांगतो, हेही लिहायला हवं. या शहरातले सगळे काही हौसेने आपापल्या वस्तीत राहिलेले नाहीत. कृष्णवर्णीयांना कुठे घर मिळेल, कुठे कर्ज मिळेल, याच्या रेषा बँकांनी आणि सरकारने नकाशावर आखलेल्या होत्या. १९६६ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग मुद्दाम पश्चिमेकडच्या नॉर्थ लॉनडेलमध्ये भाड्याच्या घरात राहायला आले, आणि घरांच्या हक्कासाठी मार्क्वेट पार्कमध्ये मोर्चा काढला तेव्हा जमावाने फेकलेला दगड त्यांच्या डोक्याला लागला. आजही रेल्वेच्या रेड लाइनमध्ये बसून उत्तरेच्या टोकापासून दक्षिणेच्या टोकापर्यंत गेलात, तर मधल्या स्टेशनांवर डब्यातली माणसं बदललेली दिसतात. तिथे न लिहिलेला कायदा फार जुना आहे, आणि तो विनोदी नाही.

रेल्वेचं निघालं म्हणून सांगतो. उन्नत रेल्वेला इथे नुसतं ‘एल’ म्हणतात. हिवाळ्यात तिच्या उघड्या फलाटावर छपराला उष्ण दिवे असतात. खांबावरचं बटण दाबलं की ते काही मिनिटं लाल होतात. त्या लाल उजेडाखाली कुरियरवाला, वकील, नर्स, तबल्याच्या आकाराची टोपी घातलेली म्हातारी आणि मी, असे सगळे खांद्याला खांदा लावून उभे राहतो. कुणी कुणाशी बोलत नाही, कुणाकडे बघत नाही. दिवा विझतो. बटण खांबावर, म्हणजे उबेतून एक हात लांब. प्रत्येक जण दुसऱ्या कुणीतरी दाबेल म्हणून थांबतो. शेवटी म्हातारी शिवी हासडून दाबते, आणि सगळे कृतज्ञतेने बुटांकडे बघतात. २०१९ च्या जानेवारीअखेर पारा उणे एकतीस सेल्सियसपर्यंत उतरला, तेव्हा उपनगरी रेल्वेने रुळांचे सांधे गोठू नयेत म्हणून रुळांशेजारी गॅसच्या ज्वाळा पेटवल्या आणि त्यांवरून गाड्या नेल्या. तो व्हिडिओ सांगलीत पोहोचला. काकांचा फोन आला, “दंगल झाली काय रे?”

उन्हाळ्यात काका आले तेव्हा त्यांच्या यादीत दोन गोष्टी होत्या. पहिली, विवेकानंद. १८९३ ची सर्वधर्म परिषद भरली त्या इमारतीत आता आर्ट इन्स्टिट्यूट आहे. दारातले दोन हिरवट सिंह ओलांडून काका आत गेले आणि पहारेकऱ्याला हात जोडून नमस्कार केला. त्यानेही केला. त्याला सवय असावी. दुसरी, सिअर्स टॉवर. ११० मजल्यांच्या या इमारतीचं नाव २००९ मध्ये बदलून विलिस टॉवर झालं, पण ते फक्त परगावच्यांसाठी. इथल्या माणसासमोर विलिस म्हणालात तर तो तुम्हाला विमानतळाचा रस्ता दाखवेल. आपल्यासाठी अभिमानाची बाब अशी की हा डोलारा पेलणारी रचना ज्याने केली, तो इंजिनियर फजलूर रहमान खान ढाक्याकडचा. नऊ चौकोनी नळ्यांची मोळी बांधली की वाऱ्याला दाद देत नाही, हे त्याचं डोकं. टॉवरजवळच्या कोपऱ्यावर त्याच्याही नावाची तपकिरी पाटी आहे.

खाण्याच्या बाबतीत तर बोलायला नको. शिकागोच्या हॉट डॉगवर पिवळी मोहरी, कांदा, टोमॅटोच्या फाका, लोणच्यातल्या काकडीची उभी फोड, तिखट मिरच्या, सेलरीचं मीठ आणि निसर्गात कुठे न आढळणाऱ्या हिरव्या रंगाचं रेलिश, एवढं सगळं असतं. पावाला खसखस. केचप नाही. का नाही, याला कारण नाही. खुद्द ओबामांनी एका मुलाखतीत निकाल दिलाय की आठ वर्षांच्या पुढच्या माणसाला हॉट डॉगवर केचप शोभत नाही. काका शाकाहारी, म्हणून मी त्यांच्यासाठी सॉसेज वगळून बाकी सगळं सांगितलं. गाडीवाल्याने तेवढं सोसलं. मग काकांनी केचप मागितलं. गाडीवाला माझ्याकडे वळला आणि शांतपणे म्हणाला, “लहान मुलासाठी आहे का?” काका बहात्तर वर्षांचे आहेत. मी हो म्हणालो.

जाड बुडाचा तो प्रसिद्ध डीप डिश पिझ्झा १९४३ पासूनचा, पण तो पाहुण्यांना खिलवायचा पदार्थ. घरचे लोक पापुद्र्याएवढा पातळ, चौकोनी तुकडे केलेला पिझ्झा मागवतात.

आणि बेसबॉल. उत्तरेचे कब्ज, दक्षिणेचे व्हाइट सॉक्स. कब्जने १९०८ नंतर थेट २०१६ मध्ये अजिंक्यपद जिंकलं. मधल्या १०८ वर्षांचं खापर लोकांनी एका बोकडावर फोडलं. १९४५ मध्ये एका दारूच्या गुत्त्याच्या मालकाला त्याच्या बोकडासकट मैदानाबाहेर काढलं आणि त्याने शाप दिला म्हणे. आधी गाय, मग बोकड. या शहरात माणसाच्या हातून काही घडतच नाही. मे २०२५ मध्ये शिकागोत जन्मलेले लिओ चौदावे पोप झाले, तेव्हा जगाला पडलेले प्रश्न वेगळे होते. इथे पहिल्या दिवसाचा वाद एकच, पोप कब्जचे की सॉक्सचे? कब्जवाल्यांनी उत्साहाने त्यांना आपलं म्हणून जाहीर केलं. मग पोपच्या सख्ख्या भावाने टीव्हीवर सांगितलं, सॉक्सचे. पाठोपाठ २००५ च्या अंतिम मालिकेत ते प्रेक्षकांत बसल्याचं चित्रण सापडलं. ते पोप होण्याच्या आदल्याच हंगामात सॉक्स १२१ सामने हरले होते. आमचे आजोबा म्हणाले, “इतकी श्रद्धा असलेला माणूस पोप नाही होणार तर कोण?”

आता मराठी माणसांविषयी. शिकागोत महाराष्ट्र मंडळ १९६९ पासून आहे, आणि उत्तर अमेरिकेतल्या मंडळांची शिखर संस्था बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ मध्ये इथेच स्थापन झाली. म्हणजे शिकागो ही एका अर्थी आपली मायभूमी. पण शहरात मराठी माणूस शोधायला निघालात तर पायपीट होईल. तो असतो नेपरव्हिलला, ऑरोराला, शॉमबर्गला. नेपरव्हिल शिकागोच्या पश्चिमेला पन्नास किलोमीटरवर. वेगळी नगरपालिका, वेगळा महापौर, वेगळी शाळा, आणि त्या शाळेसाठीच तर सगळे तिकडे जातात. पण पुण्याला फोन लावून विचारा, चिरंजीव कुठे असतात? शिकागोला. आमचे आजोबा या बाबतीत कडक आहेत. शिकागोचा म्हणवणाऱ्याला ते एकच प्रश्न विचारतात, तुमचा ऑल्डरमन कोण? नेपरव्हिलकर गप्प होतो.

नेपरव्हिलकर आमच्याकडे यायला तयार नसतात. इकडे बायको-मुलांना घेऊन रात्री? सुरक्षित आहे का? आणि पार्किंग? त्यामुळे गणपतीला, दिवाळीला, नाटकाला आम्हीच त्यांच्याकडे जातो. तिथे घरासमोर तीन गाड्यांचं गॅरेज असतं, गॅरेजसमोर आणखी चार गाड्या मावतील असा उतार असतो, आणि शाळेच्या सभागृहाबाहेरचं पार्किंग एवढं असतं की आपली गाडी शोधायला आरतीइतका वेळ लागतो. बर्फ पडला तर यंत्र येऊन साफ करून जातं. एकही खुर्ची नाही. मोदक उत्कृष्ट.

परतायच्या आदल्या दिवशी काकांनी शेवटचा हट्ट धरला. त्यांनी कुठेतरी वाचलं होतं की शिकागोत उंदराचं तीर्थक्षेत्र आहे. खोटं नव्हतं. रॉस्को व्हिलेज या वस्तीत पदपथ ओला असताना एक प्राणी त्यात पोटावर पडला, आणि त्याचा चारी पाय पसरलेला, शेपटीसकट हुबेहूब ठसा सिमेंटमध्ये वीसेक वर्षं होता. शेजाऱ्यांना माहीत होतं, कुणाला त्याचं काही नव्हतं. जानेवारी २०२४ मध्ये त्याचा फोटो पसरला आणि रीघ लागली. लोक बर्फातून येऊन त्या खळग्यात नाणी टाकू लागले, मेणबत्त्या लावू लागले, फुलं वाहू लागले. एका जोडप्याने तिथे लग्न केलं. कुणीतरी रात्री तो खळगा बुजवला, तर शेजारी ब्रश घेऊन बाहेर आले आणि खरवडून पुन्हा मोकळा केला. गर्दीला कंटाळलेल्या काही रहिवाशांनी अर्थातच ऑल्डरमनला फोन केले. एप्रिलमध्ये पालिकेने अख्खी फरशी उखडून नगरभवनात नेऊन ठेवली. पुढे २०२५ मध्ये संशोधकांनी मापं घेऊन, तुलना करून निष्कर्ष काढला की तो उंदीर नव्हताच, बहुधा खार होती. शिकागोने निष्कर्ष वाचला आणि बाजूला ठेवला. ते उंदराचं भोक आहे, उंदराचंच राहणार.

आम्ही गेलो तेव्हा तिथे नव्या सिमेंटचा कोरा चौकोन होता. काकांनी तरीही खिशातून क्वार्टरचं एक नाणं काढून त्यावर ठेवलं, मागे सरून दोन्ही बाजूंनी रस्ता न्याहाळला आणि मला विचारलं, “वाहन इथं होतं म्हणतोस. मग मालक कुठं असतात?”

“नेपरव्हिलला,” मी म्हणालो. “तिकडे पार्किंग फुकट आहे.”